शेपटाने आधी बोलायचं नसतं

७ सप्टेंबर

सुनेने ही वही आणून दिली. "बाबा, रोज दोन ओळी लिहीत जा, मन मोकळं होईल," म्हणाली. वहीच्या पुठ्ठ्यावर तीन बदकं छापलेली आहेत. त्यातलं शेवटचं मागे वळून बघतंय, तेवढ्यासाठी मी ती ठेवून घेतली.

मन मोकळं वगैरे करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण सवय म्हणून एक गोष्ट असते. युद्धाच्या दिवसांत बॉम्ब टाकून परत आलो की झोपायच्या आधी एक अधिकारी आम्हा सातजणांना टेबलाभोवती बसवायचा, हातात चहाचे मग द्यायचा आणि एकेकाला विचारायचा, काय दिसलं? माझी पाळी शेवटची. पुढे लग्न झालं, मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड झालो आणि त्या अधिकाऱ्याचं काम हिने अंगावर घेतलं. मी येऊन बूट काढले की हिचा प्रश्न तयार असायचा, "बोला, आज काय काय दिसलं?" मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून माणसाला काय दिसणार? मागे पळणारे रूळ आणि फाटकापाशी खोळंबलेली माणसं. तरी मी सांगत बसायचो आणि ती ऐकत बसायची. एकदा रुळांच्या कडेने शिडी घेऊन पळणारा माणूस दिसला होता. तो कुठे चालला असेल, यावर आमचा आख्खा आठवडा मजेत गेला.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून दिसलेलं नुसतं साठत चाललंय. म्हणून लिहितो.

तर आजचं. समोरच्या शिंप्याने दुकानाची पाटी रंगवायला काढली आहे. पाववाल्याने दाढी काढली, ती ठेवलेलीच बरी होती. संध्याकाळी पायलटचा फोन आला. बाकी ठीक.

९ सप्टेंबर

परवा लिहिलेलं वाचलं. पायलट कोण ते सांगायचं राहिलं. वहीला सांगायला काय हरकत आहे?

विमानात आम्हाला नावं नव्हती. इंटरकॉमवर नावाने हाका मारल्या की घोळ होतो, म्हणून ज्याचं जे काम तेच त्याचं नाव. पायलट, नकाशेवाला, इंजिनवाला, तारवाला, बॉम्बवाला, वरच्या बंदुकीवर बसणारा तो माथा, आणि मी शेपूट. विमानाच्या अगदी टोकाला काचेचा एक घुमट होता. त्यात मी चार मशीनगनांच्या मागे, बाकी सगळ्यांकडे पाठ करून बसायचो. ते आम्ही कुठे चाललोय ते बघायचे आणि मी आम्ही कुठून आलो ते. मध्ये विमानाची लांबच लांब काळोखी नळी. इंटरकॉमची तार नसती तर ते एका गावात आणि मी दुसऱ्या गावात असल्यासारखंच होतं.

थोड्या थोड्या वेळाने पायलट एकेकाला पुकारायचा. सगळ्यात शेवटी, "शेपूट?" मी म्हणायचो, "आहे." बस्स. नियम कडक होता. शत्रूचं विमान दिसलं तर गोष्ट वेगळी, एरवी शेपटाने आधी बोलायचं नसतं. विचारलं की सांगायचं आणि पुन्हा डोळे फाडून काळोखात बघायचं.

सातातले आता दोघे उरलो. पायलट दूरच्या गावात लेकीकडे असतो. युद्धानंतर त्याने मोटार शिकवायची शाळा काढली होती. म्हणायचा, चार इंजिनं सांभाळली, पण शिकाऊ माणसाच्या एका क्लचने माझे केस पांढरे केले.

ही गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याने हा फोनचा खेळ सुरू केला. रोज दिवे लागायच्या वेळी घंटी वाजते. "शेपूट?" "आहे." की खट्. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. लेक दिवसभर कामावर, हा घरात एकटा, करमत नसणार बिचाऱ्याला. मीही त्याचं मन मोडत नाही. त्या वेळेला बाजारात असलो तर लगबगीने घरी येतो. त्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको.

१४ सप्टेंबर

मुलगा आला होता. चहा संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग गाडी रुळावर आली. "बाबा, एकटे किती दिवस राहणार? आमच्याकडे खोली रिकामी आहे. ऊन येतं. तुमची खुर्ची ठेवू."

"आणि फोन?"

"आमच्याकडे फोन आहे की."

"त्याला हा नंबर पाठ आहे."

"मग त्यांना नवा नंबर सांगा ना, बाबा."

मुलाला कसं सांगू? पायलटने हा नंबर कुठे लिहून ठेवलेला नाही. आयुष्यभर महत्त्वाची गोष्ट त्याने डोक्यातच ठेवली. आता या वयात त्या डोक्यातून एक नंबर काढून दुसरा बसवायचा म्हणजे काय होईल ते होईल. आणि त्यांचा फोन बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी. मी असा बहिरट. डाव्या कानाने काही नाही, उजव्याने थोडंफार. सगळ्यांसमोर फोन उचलून "आहे" म्हणायचं आणि ठेवायचा, हे कोणाला काय समजणार?

सुनेला वाटतं, फोन हे निमित्त आहे, बाबांना आईच्या आठवणी सोडवत नाहीत. आठवणी तर काय, मी जाईन तिथे माझ्या आधी पोचतील. पण या घरात रोज संध्याकाळी मला कोणीतरी विचारतं की मी आहे का. दुसरीकडे गेलो आणि ते बंद पडलं, तर मी कोणाला सांगू, आहे म्हणून?

मुलाला म्हटलं, बघू.

१९ सप्टेंबर

आज पायलटचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा पुकारून, उत्तर घेऊन ठेवला. मी कंदिलाची काच पुसत होतो, तोवर पुन्हा घंटी. पुन्हा "शेपूट?" जणू मघाशी विचारलंच नव्हतं. मीही गुमान "आहे" म्हणालो. फिरकी घेतोय माझी. जुनी खोड आहे.

पाटी रंगवून झाली. शिंप्याने हिरवा रंग दिलाय. हिला आवडला असता.

२२ सप्टेंबर

फार चिडलो आहे, म्हणून बसून लिहितो.

आज मी नियम मोडला. त्याने पुकारलं, मी "आहे" म्हणालो आणि पुढे म्हणालो, "थांब, ठेवू नकोस. मुलगा मला घेऊन जायचं म्हणतोय. हे घर सोडायचं, फोन बंद करायचा. काय करू?" इतक्या वर्षांत मी त्याला कधी सल्ला विचारला नव्हता. मला वाटलं, तो म्हणेल, जागचा हलू नकोस. मला तेच ऐकायचं होतं.

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "जा."

"काय?"

"जा... मुला... कडे..." एकेक शब्द ओढून ओढून, तोंडात बोळा धरल्यासारखा. पुढे काहीतरी पुटपुटला ते कळलंच नाही. प्यायलेला होता. युद्धात आम्ही सगळे पिंपं रिकामी करायचो तेव्हा हा लिंबाचं सरबत घेऊन बसायचा, आणि आता म्हातारपणी, दिवे लागायच्या वेळेला! माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "एवढा कंटाळा आला असेल तर उद्यापासून नको करूस फोन." आणि मी आधी फोन ठेवला. आजवर तो मी कधी आधी ठेवला नव्हता.

२३ सप्टेंबर

फोन नाही.

२४ सप्टेंबर

फोन नाही. राग बघा म्हाताऱ्याचा. मी लावू शकलो असतो, त्याचा नंबर भिंतीवर टाचलेला आहे. दोनदा उठलोही. पण चूक त्याची आहे. आणि शेपटाने आधी बोलायचं नसतं.

२८ सप्टेंबर

मुलाला सांगून टाकलं, येतो. त्याचा जीव भांड्यात पडला. फोनच्या ऑफिसातही तो लगेच जाऊन आला. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला घर रिकामं आणि फोन बंद.

संध्याकाळी करमेना. घर इतकं गप्प की शिंप्याचं मशीन ऐकू येत होतं, मला, बहिऱ्याला.

३ ऑक्टोबर

आज दिवेलागणीला घंटी वाजली. धावताना मेजाचा कोपरा गुडघ्याला लागला. फोन उचलला, श्वास आवरला आणि वाट बघितली. म्हटलं, पुकारू दे त्याला. राग गेला असेल तर पुकारेल.

काही नाही. "कोण बोलतंय?" काही नाही. "कोण हवंय?" नुसतं खुसखुस, की तो माझ्याच कानाचा आवाज, देव जाणे. ठेवून दिला.

गुडघा सुजलाय.

८ ऑक्टोबर

रोज तेच चाललंय. त्याच वेळेला घंटी, उचलावं तर समोर शुकशुकाट. कोणीतरी टवाळ कार्टं म्हाताऱ्याची थट्टा करतंय. सकाळी लाइनमनला बोलावलं. त्याने खांबावर चढून बघितलं, डबी उघडून बघितली, आपल्या ऑफिसात फोन लावून बोलला.

"काका, लाइन एकदम ठणठणीत आहे. समोरून कोणीतरी खरंच लावतंय."

"मग बोलत का नाही?"

"आता ते मी खांबावरून कसं सांगू?" म्हणाला. माणूस विनोदी होता, त्याला चहा पाजला.

मग मी कपाटातून माझी गार्डाची शिट्टी काढली. संध्याकाळी घंटी वाजली, फोन उचलला, शिट्टी नळीला लावली आणि छाती भरून फुंकली. मालगाडीच्या दुसऱ्या टोकाला इंजिनात ऐकू जाईल अशी. कार्ट्याच्या कानठळ्या बसल्या असतील. फार बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

पुन्हा फोन. एवढी शिट्टी ऐकूनही. निगरगट्टपणाची कमाल आहे.

१० ऑक्टोबर

सामान बांधणं चालू आहे. आज हिची प्रवासाची पिशवी हाती लागली आणि काम तिथेच थांबलं.

मला गाडीत पुढे तोंड करून बसवत नाही. गाडी लागते. विमानातल्या त्या घुमटाने लावलेली सवय, ती जन्माला पुरली. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात हिच्या ते लक्षात आलं. त्यानंतर आगगाडी असो, बस असो, ती माझ्यासमोर पुढे तोंड करून बसायची आणि मी उलटा. "आता पूल येतोय," ती सांगायची. "आता बोगदा. खिडकी लावा." मग ती गोष्ट मागे गेली की मी सांगायचो, पूल कसा होता, खाली कोण कपडे वाळत घालत होतं. एकच गाव ती येताना बघायची आणि मी जाताना. आमच्या संसाराचं एवढंच गुपित होतं म्हणा ना. भांडलो तरी गाडीत भांडता यायचं नाही, कारण ती गप्प बसली की पुढे काय आहे ते मला कळायचं नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला कधी सांगितली नाही. तिनेही विचारलं नाही. बॉम्ब टाकून विमान वळलं की बाकीच्यांच्या समोर काळोख यायचा आणि घर. जळणारं गाव माझ्यासमोर राहायचं. कितीतरी वेळ. आधी मोठी आग, मग शेगडीएवढी, मग निखाऱ्याएवढी. मान वळवून चालायचं नाही, तिकडे बघणं हेच माझं काम होतं. त्या टेबलापाशी अधिकारी विचारायचा, काय दिसलं? मी म्हणायचो, आग चांगली लागली. आणि चहा प्यायचो. त्या गावात कोणाचे तरी कपडे वाळत असतील, हे मनात यायला मला हिच्याबरोबरचे ते पूल लागले. मला त्याचं वाईट वाटतं. अजूनही वाटतं.

पिशवीत हिच्या खोकल्याच्या गोळ्या होत्या. एक तोंडात टाकली. अजून चांगली आहे.

१२ ऑक्टोबर

घाईने लिहितोय, अक्षर वाचता येईल का माहीत नाही.

दुपारपासून सून आवराआवरीला आली होती. बटणांचा डबा रिकामा करताना पदक सापडलं. हिने ते मुद्दाम बटणांत ठेवलं होतं. म्हणायची, कोटाचं बटण तुटलं की हे लावीन. सुनेने ते पुसलं, फिरवून बघितलं. इतकी वर्षं घरात आहे, पण आज पहिल्यांदा विचारलं, "बाबा, हे नक्की कशासाठी मिळालं हो?"

तिला सांगितलं. परतीच्या वाटेवर शत्रूच्या विमानाने आम्हाला खालून गाठलं. डावीकडचं टोकाचं इंजिन पेटलं. मी गोळ्या चालवल्या, ते विमान पडलं. चहाला उकळी यायला लागतो त्याहून कमी वेळात सगळं आटोपलं. पदक त्याचं. पेपरात छापून आलं तेही तेवढंच.

"आणि मग?"

मग खरी गोष्ट. इंटरकॉमची तार तुटली होती. कानात नेहमी कोणाचा तरी श्वास, कोणाचा तरी खोकला असायचा, तो गेला. पेटलेल्या इंजिनाचीच ताकद माझा घुमट फिरवायची, त्यामुळे तोही अडकला. मागच्या दाराबाहेर नळीत धूर. मला वाटलं, सगळ्यांनी उड्या टाकल्या. हुकूम सुटला असेल आणि मला ऐकू आला नसेल. मी अशा विमानात बसलो होतो की ज्याला कोणी चालवतंय की नाही हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी फार घाबरलो होतो. आईला हाका मारल्या.

आणि मग विमान हललं. आधी डावीकडे कललं, मग उजवीकडे. वारा असा हलवत नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. डावीकडे, उजवीकडे. पायलट मला पुकारत होता.

"बोलता येत नव्हतं म्हणून विमान हलवून विचारत होते?" सुनेच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मग तुम्ही उत्तर कसं दिलं?"

घुमट हाताने फिरवायला एक हँडल असायचं. ते मी पिळलं. घुमट डावीकडे नेला, मग उजवीकडे. घुमट फिरला की विमानाची शेपटी जराशी ओढली जाते, आणि ते पायलटला पायाखालच्या पट्ट्यांत जाणवतं. घरी पोचेपर्यंत आमचं हेच चाललं होतं. तो विचारायचा, मी सांगायचो. हातमोजा फाटून तळहाताची कातडी त्या गार हँडलला चिकटून आली. उतरल्यावर तो नळीतून रांगत माझ्यापाशी आला. म्हणाला, "शेपूट?" मी म्हणालो, "आहे." मग आम्ही दोघं चाकाला टेकून लहान मुलांसारखे रडलो. पदक द्यायचंच तर त्या हँडलला द्यायला हवं होतं.

सून म्हणाली, "तोंडातून शब्द नाही, काही नाही, तरी तुम्हाला कळलं की तेच विचारतायत."

"न कळायला काय झालं? रोज विचारणारा माणूस..."

तेवढ्यात फोन वाजला. बाहेर दिवे लागत होते. मी खिशातून शिट्टी काढत उठलो. "थांब," सुनेला म्हटलं, "त्या टवाळाला आज..." आणि माझा हात तिथेच राहिला.

फोन उचलला. उजव्या कानाला लावला. शुकशुकाट. मी म्हणालो, "पायलट?"

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्याला पुकारलं.

आधी काहीच नाही. मग फोनची नळी कशावर तरी आपटल्यासारखं, टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्.

"आहे," मी म्हणालो. "शेपूट आहे. इथेच आहे. तू ठेवू नकोस." पुढे काय काय बोललो ते आठवत नाही. फोन कोणी ठेवला तेही नाही. सुनेने मला खुर्चीत बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि काही विचारलं नाही. शहाणी पोर आहे.

१३ ऑक्टोबर

सकाळी त्याची लेक कामावर निघायच्या आत फोन लावला.

"काका! तुम्हाला कसं कळवावं तेच सुचत नव्हतं. तुमचा नंबर घरात कुठेच लिहिलेला नाही, फक्त त्यांच्या डोक्यात. आणि आता त्यांना सांगता येत नाही."

अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बावीस सप्टेंबरच्या संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा तो फोनशेजारी जमिनीवर पडलेला होता आणि फोनची नळी लोंबत होती.

तो प्यायला नव्हता. मी त्याच्यावर फोन आदळला तेव्हा तो पडत होता.

"दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून," ती सांगत होती, "संध्याकाळ झाली की डाव्या हाताने फोन ओढतात आणि आकडे दाबत बसतात. कितीदा चुकतात, पुन्हा दाबतात. मला वाटायचं, हाताला उगाच चाळा. फोन ठेवला की मात्र अगदी शांत होतात. एक दिवस तर काका, हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंड वाकडं झालंय ना, तरी मला कळलं. कशाला हसले काय माहीत."

"कधी?"

"आठ तारखेला असेल. माझी सुट्टी होती."

मी तिला शिट्टीचं सांगितलं. ती हसायला लागली आणि मग तिला रडू आलं. म्हणाली, "दिवसभर त्यांच्यापाशी कोणी नसतं, काका. शेजारीण डोकावते. माझा जीव कामात लागत नाही."

मी म्हटलं, "मी येतो, बाळ."

"भेटायला?"

"आधी येतो तर."

मुलाला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "बाबा, तुमच्या खोलीला रंग दिलाय!" मी म्हटलं, वाळू दे. मग कपाळावरचा हात काढून म्हणाला, "स्टेशनावर मी सोडतो." माझा मुलगा चांगला आहे. आईवर गेलाय.

१४ ऑक्टोबर, गाडीत

ही गेल्यानंतरचा हा पहिला प्रवास. सुनेने बरोबर डबा दिलाय, मफलर दिलाय आणि वही विसरू नका म्हणून दोनदा सांगितलंय. पदक कोटाच्या आतल्या खिशात आहे, सोबत दोन बटणं.

माझी जागा पुढे तोंड करून होती. समोर एक बाई लोकर विणत बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "ताई, जागा बदलता का? मला उलटं बसायची सवय आहे." त्या आनंदाने उठल्या. मग धीर करून म्हटलं, "आणखी एक. पुढे काही आलं तर सांगाल?"

त्यांनी मला जरा निरखलं. पण थोड्या वेळाने विणता विणताच म्हणाल्या, "नदी येतेय हं." नदी आली. मग मागे गेली. काठावर एक होडी उपडी घालून ठेवलेली होती, तिच्यावर मांजर बसलं होतं. मी त्यांना सांगितलं. "अगंबाई, मला नाही दिसलं," म्हणाल्या. मला खिडकीकडे तोंड वळवावं लागलं.

मधल्या वेळात ही वही पहिल्यापासून वाचली. नऊ सप्टेंबरचं पान पुन्हा वाचलं. ही गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याने फोन सुरू केला, त्याला करमत नसणार बिचाऱ्याला, असं मी लिहिलंय. ते पान बराच वेळ उघडं ठेवलं.

१५ ऑक्टोबर

आज तिकडचा माझा फोन बंद झाला असेल.

पायलटची खोली लहान आहे, पण उजेडाची. खिडकीखाली पलंग, पलंगाशेजारी हाताच्या खुर्चीत तो, जवळ तिपाईवर फोन. तो वाळलाय. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मला बघितलं आणि डावा हात वर केला. मी तो धरून बसलो. बोलायचं तसं काही नव्हतंच. पदक दाखवलं, बटणांचं सांगितलं. माफी मागितली. त्याने डोळे मिटले आणि हात दाबला.

लेकीने विचारलं, "काका, राहाल?" मी म्हटलं, मुलाला सांगतो, खुर्ची इकडे पाठव म्हणून. तिने माझ्या पायाला हात लावायचं बाकी ठेवलं. मी तिला म्हटलं, मला स्वयंपाक येत नाही, एवढं आताच सांगून ठेवतो. ती म्हणाली, "बाबांनाही येत नाही. तुम्ही दोघं उपाशी राहाल, मी डबा करून ठेवत जाईन."

दिवे लागायची वेळ झाली आणि तो चुळबुळायला लागला. डावा हात फोनकडे. "अरे, मी इथे आहे," मी म्हटलं. "हा काय, तुझ्या समोर." त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा हात फोनकडे. डोळ्यांत पाणी यायला लागलं. लेक म्हणाली, "काका, काय हवंय त्यांना?"

मला वेळ लागला, पण कळलं. समोर ही माझी जागाच नव्हे. समोर बसलेल्या शेपटाला त्याने कधी पुकारलेलं नाही.

मी उठलो. बसलो होतो ती खुर्ची ओढत त्याच्या खुर्चीमागे नेली, उलटी फिरवली आणि पाठीला पाठ लावून बसलो. त्याचं तोंड खिडकीकडे, माझं दाराकडे. दोन्ही खुर्च्यांच्या पाठी जुन्या वेताच्या, मऊ झालेल्या. पलीकडचा श्वाससुद्धा जाणवत होता.

मग तो डावीकडे कलला. हळूच. मग उजवीकडे, ती बाजू त्याला फार जड गेली.

मी खांदे डावीकडे नेले. मग उजवीकडे.

त्याची पाठ सैल पडली. आम्ही तसेच बसलो. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. लेक चहा घेऊन दारात आली ती मला समोर दिसली, त्याला नाही. ती तिथेच थांबली.

"काका, हे काय चाललंय?"

"काही नाही, बाळ," मी म्हणालो. "घरी चाललोय."